अर्धवट भरलेला अर्ज जपून ठेवा

प्रति,
मा. सचिव,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई



शासनाकडे काही मागायचे असेल, तर नागरिकाची पहिली गाठ आता टेबलामागच्या कारकुनाशी पडत नाही, ती ऑनलाइन फॉर्मशी पडते. शिष्यवृत्ती आणि शेतकरी योजनांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे, उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा दाखला ‘आपले सरकार’वर मागायचा, अकरावीचा प्रवेशही पोर्टलवरच घ्यायचा. रांगा कमी झाल्या, हेलपाटे वाचले, हे खरेच आहे आणि त्याचे श्रेय आपल्या विभागाला आहे. पण या फॉर्ममध्ये एक दोष राहून गेला आहे. तो इतका सवयीचा झाला आहे की त्याला दोष म्हणायचेही लोकांनी सोडून दिले आहे. पाऊण तास खपून भरलेली माहिती फॉर्म सबमिट होण्याआधी एका क्षणात पुसली जाते आणि माणूस पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात करतो. माझी मागणी एवढीच आहे की राज्याच्या कोणत्याही पोर्टलवर नागरिकाने भरलेली माहिती, त्याने पान सोडले, वीज गेली, रेंज गेली किंवा लॉगिनची मुदत संपली, तरी नष्ट होऊ नये. तो परत येईल तेव्हा फॉर्म जिथे सोडला होता तिथूनच त्याच्यापुढे उघडावा.

माहिती पुसली कशी जाते, हे जरा जवळून पाहू, कारण ‘लोक घाई करतात’ किंवा ‘लोकांना जमत नाही’ असा समज यात नेहमी आड येतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म मोबाइलवर भरणारी एखादी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणा. नाव, पत्ता, १२ आकडी आधार क्रमांक, ११ अक्षरांचा आयएफएससी कोड, दहावीचा बैठक क्रमांक, जातीच्या दाखल्याचा क्रमांक आणि तारीख एवढे सगळे तिने भरले. आता फॉर्म ओटीपी मागतो. तो पाहायला तिला मेसेजमध्ये जावे लागते. मग फोटो मागतो, त्यासाठी गॅलरीत जावे लागते. फोटो ठरलेल्या केबीत बसत नाही, म्हणून तो लहान करणारे दुसरे ॲप उघडावे लागते. स्वस्त फोनची मेमरी तोकडी असते. नवे ॲप उघडले की अँड्रॉइड मागे राहिलेले पान मेमरीतून काढून टाकते आणि ती ब्राउझरमध्ये परतते तेव्हा पान नव्याने लोड होते, म्हणजेच कोरे. तिचे काय चुकले? फॉर्मनेच तिला पानाबाहेर पाठवले आणि बाहेर गेली म्हणून फॉर्मनेच तिचे लिहिलेले पुसून टाकले. जिल्हा, तालुका आणि गाव यांच्या याद्यांचीही अशीच गत होते. राज्यात ३६ जिल्हे, ३५८ तालुके आणि ४०,००० हून अधिक गावे असल्यामुळे ही यादी एकदम पाठवत नाहीत. जिल्हा निवडला की तालुके येतात, तालुका निवडला की गावे. पुढे एका रकान्यात चूक निघून पान परत आले की जिल्हा तसाच दिसतो, पण गावाचा रकाना गुपचूप रिकामा झालेला असतो. आणि कॅप्चातले एक अक्षर चुकले म्हणून अख्खा फॉर्म कोरा करणारी पाने तर आजही आहेत. त्या अक्षराचा तिच्या पत्त्याशी काय संबंध?

यामागचे तांत्रिक कारण जुने आहे आणि त्यावरचे उपायही तितकेच जुने आहेत. वेबचा पाया असलेला एचटीटीपी हा संकेत मुळातच विसराळू आहे. प्रत्येक विनंती त्याच्या लेखी नवी असते, मघाशी कोण आले होते हे तो लक्षात ठेवत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ‘कुकी’ ही युक्ती काढली. तिच्या आधाराने सर्व्हर माणसाला ओळखू लागला आणि लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा काळ ‘सेशन’ म्हणून धरला जाऊ लागला. सेशनला मुदत असावी, हे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. वेब सुरक्षेसाठी काम करणारी ओवॅस्प ही संस्था सुचवते की जोखमीच्या सेवांमध्ये २ ते ५ मिनिटे आणि कमी जोखमीच्या सेवांमध्ये १५ ते ३० मिनिटे हालचाल झाली नाही, तर सेशन बंद करावे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या पायरीबद्दल. सेशन संपले म्हणजे समोरचा माणूस तोच आहे का, याची खात्री संपली. त्याने लिहिलेला मजकूर संपण्याचे त्यात काहीच कारण नाही. खात्री पुन्हा करून घेता येते: पासवर्ड मागा, ओटीपी मागा आणि मजकूर परत द्या. ओळख आणि मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आपल्या पोर्टलांनी एकाच खुंटीला टांगल्या आहेत, म्हणून ‘सेशन एक्स्पायर्ड’ ही पाटी दिसली की दोन्ही एकदम खाली येतात.

कागदी अर्जाच्या काळात हे घडत नव्हते. अर्धा भरलेला फॉर्म घरी फडताळात राहायचा, तलाठ्याकडून दाखला मिळाला की उरलेले रकाने भरले जायचे, एखादा शब्द चुकला तर तेवढाच खोडला जायचा. तहसील कचेरीने अर्ज परत केला तरी कागद हातात असायचा. संगणकाने बरेच काही सोपे केले, पण कागदाकडून मिळणारी ही साधी सवलत मात्र काढून घेतली. नव्या पद्धतीत जुन्या पद्धतीपेक्षा एखादी गोष्ट वाईट होत असेल, तर ती दुरुस्त करणे ही मेहेरबानी ठरत नाही, ते राहून गेलेले काम असते.

हे नुकसान शासनाला दिसत का नाही, याचाही विचार करावा लागेल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने नागरिकाला ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला. अपिलाची सोय दिली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्तीही ठेवली. कायदा चांगला आहे. पण त्याचे घड्याळ अर्ज दाखल होऊन पोच मिळाल्यावर सुरू होते. अर्ज दाखल होण्याआधी जो बुडाला, त्याला क्रमांक नाही, पोच नाही, म्हणून अपीलही नाही. पोर्टलवर किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि किती प्रलंबित आहेत, हे आकडे आपल्याकडे असतात. किती जणांनी फॉर्म उघडला, कुठल्या रकान्यापर्यंत पोहोचून सोडला आणि किती जण परतलेच नाहीत, हे त्या आकड्यांत कुठेच उमटत नाही. जे परतत नाहीत ते बहुधा सेवा केंद्राचा रस्ता धरतात, तिथले शुल्क भरतात आणि एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडतात. ज्याच्याकडे लॅपटॉप आणि घरचे वाय-फाय आहे त्याचा फॉर्म सहसा एका बैठकीत पुरा होतो. ज्याच्याकडे एकच फोन सगळ्या घराला मिळून आहे, त्याचा होत नाही. म्हणजे हा दोष सगळ्यांना सारखा जाचत नाही. योजना ज्याच्यासाठी काढली, त्यालाच तो सर्वांत जास्त जाचतो.

दृष्टिहीन किंवा हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या नागरिकांसाठी तर ही बाब अधिकच गंभीर आहे. स्क्रीन रीडरने प्रत्येक रकाना ऐकत ऐकत फॉर्म भरणाऱ्याला इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो आणि सेशनचे घड्याळ मात्र सगळ्यांसाठी एकाच वेगाने धावते. वेब सुगम्यतेचे जागतिक निकष, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, या बाबतीत स्पष्ट आहेत. वेळेची मर्यादा असेल तर ती बंद करण्याची किंवा बदलण्याची सोय हवी, नाहीतर मुदत संपण्याआधी सूचना देऊन ती वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्यावेत. हा त्यांतल्या पायाभूत पातळीचा निकष आहे. पुन्हा लॉगिन केल्यावर माहिती न गमावता काम पुढे चालू राहावे, हा निकष सर्वोच्च पातळीवर ठेवला आहे, म्हणून तो सक्तीचा मानला जात नाही. २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीने मात्र एकाच प्रक्रियेत आधी दिलेली माहिती पुन्हा टाइप करायला लावू नये, असा नवा निकष थेट पायाभूत पातळीवर घातला आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वेही याच निकषांवर उभी आहेत. त्यातच ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगांसाठी ई-केवायसी सुलभ करण्याच्या प्रकरणात निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्यानंतर ‘हा निकष सक्तीचा नाही’ एवढ्या उत्तरावर थांबणे शासनाला शोभणार नाही.

आणि हे कुणाला जमत नाही असे नाही. पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवर भरलेली माहिती सेव्ह करून नंतर फॉर्म पुढे नेता येतो. आयकर विवरणपत्र मसुदा म्हणून ठेवता येते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याचे संकेतस्थळ लॉगिन केलेल्या माणसाचे बहुतेक अर्ज तो भरत असतानाच आपोआप जतन करते आणि अर्ज पूर्ण करायला ६० दिवस देते. ती मुदत कोणत्या तारखेला संपते, हेही अर्जावरच सांगते. यातले ‘आपोआप’ मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘सेव्ह’चे बटण देऊन भागत नाही, कारण वीज जाण्याआधी बटण दाबायचे कुणाला सुचत नाही. रकान्यातून बाहेर पडताक्षणी त्या रकान्याची नोंद झाली पाहिजे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत. पहिला आक्षेप सुरक्षेचा. आपल्याकडे असंख्य फॉर्म सेवा केंद्राच्या, नेट कॅफेच्या किंवा शाळेच्या संगणकावर भरले जातात. तिथे माहिती जतन करायची म्हणजे एकाचा आधार क्रमांक आणि बँक खाते पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायचे, असे कुणी म्हणेल. हा धोका खरा आहे आणि म्हणूनच माहिती कुठे जतन करायची, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. ब्राउझरमध्येच साठवण्याची एक सोय असते, लोकल स्टोरेज. तिच्यात साधारण ५ एमबीपर्यंत मजकूर राहतो आणि ब्राउझर बंद केला तरी तो जात नाही. सामायिक संगणकावर ही सोय मुळीच वापरू नये. सेशन स्टोरेज नावाची दुसरी सोय तो टॅब बंद केला की रिकामी होते. पान चुकून रिफ्रेश झाले किंवा एखादी चूक निघून परत आले, तर तेवढ्यापुरती ती पुरते. पण खरा मसुदा सर्व्हरवर, अर्जदाराच्या खात्याखाली, कूटबद्ध करून ठेवला पाहिजे आणि लॉगिन झाल्यावाचून तो उघडता कामा नये. पासवर्ड आणि ओटीपी तर कुठेच साठवायचे नाहीत. आधार क्रमांक आणि खाते क्रमांक मसुद्यातून वगळून शेवटच्या पायरीवर विचारता येतील. दोन रकाने पुन्हा भरायला कुणाची ना नसते, साठ रकाने पुन्हा भरायला लावले की माणूस उठून जातो. आणि आज सुरक्षेच्या नावाखाली काय चालते तेही पाहावे. पुन्हा पुन्हा टाइप करायचा कंटाळा म्हणून अर्जदार आपली सगळी माहिती व्हॉट्सॲपवर केंद्रचालकाला पाठवून देतो. पोर्टलने मसुदा जपला नाही म्हणून माहिती साठायची थांबत नाही, ती भलत्याच ठिकाणी, कुणाच्याही नियंत्रणाबाहेर साठते.

दुसरा आक्षेप मला त्याहून मोलाचा वाटतो. माणसाने सबमिट दाबलेले नाही, म्हणजे त्याने माहिती द्यायचे अजून ठरवलेले नाही. मग शासनाने ती आपल्याकडे ठेवावी कशी? ही भीती काल्पनिक नाही. युरोपातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये जगातल्या आघाडीच्या एक लाख संकेतस्थळांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतली १,८४४ संकेतस्थळे युरोपातून उघडल्यावर आणि २,९५० अमेरिकेतून उघडल्यावर, माणसाने फॉर्म सबमिट करण्याआधीच त्याचा ईमेल पत्ता मागोवा घेणाऱ्या कंपन्यांकडे पाठवत होती, असे आढळले. तेव्हा मसुद्याच्या नावाखाली पाळत सुरू होणार नाही, याची हमी शासनाला द्यावी लागेल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती काढून टाकायला सांगतो. त्याच धर्तीवर मसुद्याचे नियम करता येतील. फॉर्मच्या माथ्यावरच साध्या मराठीत लिहा की तुम्ही भरलेले अमुक दिवस जपून ठेवले जाईल, तोवर कोणताही अधिकारी ते पाहणार नाही आणि हवे तेव्हा ते पुसता येईल. ‘मसुदा पुसा’ हे बटण ठळक दिसले पाहिजे. मुदत संपली की मसुदा खरोखर नष्ट झाला पाहिजे. त्यातल्या माहितीवरून पात्रता ठरवणे, दुसऱ्या योजनेशी पडताळणे किंवा प्रचाराचे संदेश पाठवणे याला पूर्ण बंदी हवी. या अटी पाळायची तयारी नसलेल्या पोर्टलने मसुदा न ठेवलेलाच बरा, हेही मी मान्य करतो. पण अटी पाळणे अवघड आहे, असे म्हणायला मला आधार दिसत नाही.

खर्चाचा आक्षेप लवकर निकालात निघतो. युनिकोडमधले एक देवनागरी चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. एका फॉर्मचा सगळा मजकूर १० केबीत सहज मावतो. एक कोटी मसुदे धरले तरी सुमारे १०० जीबी होतात, एवढी जागा आज मध्यम किमतीच्या फोनमध्ये असते. स्कॅन केलेल्या दाखल्यांना याहून जास्त जागा लागेल, पण ते दाखले अर्ज पुरा झाल्यावर तुम्हाला साठवायचेच आहेत. उलट सर्व्हरवरचा भार मसुद्यांमुळे कमी होईल. शेवटच्या दिवशी पोर्टल रखडते त्याचे एक कारण असे की ज्यांचे फॉर्म बुडाले ते सगळे पुन्हा पहिल्या पानापासून येतात, पुन्हा ओटीपी मागतात आणि तेच दाखले पुन्हा अपलोड करतात. भार वाढतो, पाने अडकतात, अडकली की आणखी फॉर्म बुडतात. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून योजनांच्या मुदती वारंवार वाढवाव्या लागतात, त्यामागे हे चक्रही आहे.

मसुदा पडून राहिला तर त्यातली माहिती शिळी होईल, मागच्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न तसेच पुढे जाईल, असेही विचारले जाते. त्यासाठी मसुदा उघडताना तो शेवटचा कधी बदलला ती तारीख दाखवावी. मधल्या काळात नियम किंवा वर्ष बदलले असेल, तर तेवढे रकाने रिकामे करून का रिकामे केले ते सांगावे. आणि सवलत मिळाली की लोक आळशी होऊन शेवटच्या दिवसापर्यंत थांबतील, या तर्काला मी फार किंमत देत नाही. दाखला हातात पडायची वाट पाहणाऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

खरी अडचण तंत्राची नाही, ती निविदेत आहे. पोर्टल बांधून घेताना कागदपत्रांत पानांची संख्या, सर्व्हरची क्षमता, सुरक्षा लेखापरीक्षण हे सगळे असते. अर्धवट माहितीचे काय करायचे, याचे कलम नसले की ठेकेदार ते करत नाही आणि त्याला दोषही देता येत नाही. म्हणून आपण शासन निर्णय काढून महाआयटी या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान महामंडळाच्या आणि प्रत्येक विभागाच्या पुढच्या निविदांत हे कलम घालावे. पोर्टल ताब्यात घेण्याआधीची चाचणीही त्यात नेमकी लिहावी. स्वस्त फोनवर फॉर्म अर्धा भरायचा, डेटा बंद करायचा, ब्राउझर बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फोनवरून लॉगिन करायचे. गावाच्या नावापासून अपलोड केलेल्या दाखल्यापर्यंत, जाणूनबुजून वगळलेले रकाने सोडून, सगळे जागेवर असेल तरच पोर्टल उत्तीर्ण. ही चाचणी मंत्रालयात बसून न करता तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या सेवा केंद्रात, तिथल्या नेटवर्कवर व्हावी.

चालू पोर्टले एका दिवसात बदलणार नाहीत, हे मला समजते. सुरुवात महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती अर्जापासून करावी, असे मला वाटते. तिथे रकाने पुष्कळ, कागदपत्रे पुष्कळ, अर्जदार तरुण आणि बहुतेकांच्या हाती फक्त फोन. तोवर एक काम लगेच होऊ शकते, त्याला निविदाही लागत नाही. प्रत्येक पोर्टलवर किती फॉर्म सुरू झाले, किती पूर्ण झाले आणि उरलेले कोणत्या पायरीवर सुटले, याची मोजणी कुणाचेही नाव किंवा मजकूर न साठवता सुरू करावी आणि ते आकडे दर महिन्याला त्याच पोर्टलवर प्रसिद्ध करावेत. पहिल्या महिन्याचे आकडे कधी पाहायला मिळतील, एवढे आपण जाहीर करावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक नागरिक